कीर्द

पुण्याहून कोटेशन आलं, चौदा जून दोन हजार एक.
तीन सर्व्हर, प्रत्येकी एक लाख चाळीस हजार,
विक्रीकर वेगळा.
म्हणजे माझे बेचाळीस पगार.
चोरडिया मॅडमनी समासात पेन्सिलीने
एकच शब्द लिहून कागद परत धाडला:
का?

सर्व्हरबरोबर फुकट आलेली फाइल सिस्टीम आहे, चालते.
कॅनडा कॉर्नरच्या या दुसऱ्या मजल्यावर
चार वर्षं चालते आहे,
जिन्यातल्या ट्यूबसारखी,
आधी दोनदा मिचकावून.

मार्चमधल्या त्या मंगळवारी
सातपूरकडे काहीतरी उडालं.
यूपीएसने सहा मिनिटं तग धरला आणि मान टाकली.
वीज आली तेव्हा पडद्यावर झाडाझडती:
चोर येऊन गेल्यावर बाई जसा
एकेक डबा उघडून, हात घालून बघते, तशी.
पाच तास दहा मिनिटं.
सिन्नरहून आलेलं रक्त यंत्राने मोजलेलं,
आकडे ठेवायला जागा नाही.
नाझनीनने रात्रभर पोटॅशियम वहीत लिहिलं
आणि आयसीयूला फोनवर वाचून दाखवलं,
"सहा पॉइंट एक. नाही हो, सहा. सहा!"

शालिग्राम, विकणारा, म्हणतो:
आमची फाइल सिस्टीम जर्नल ठेवते.
निरगुडे अण्णांनी हिशेबातून मान वर केली.
"म्हणजे कीर्द.
आधी कीर्दीला टाकायचं, मग खतावणीला.
मध्येच दिवे गेले तर कीर्द उघडायची,
शेवटची ओळ बघायची,
अख्खं कपाट उपसायचं नाही.
ह्याचे पैसे मागतो?"
"मागतो."
"आम्ही पगारातच करायचो."

तीस दिवसांची चाचणीची सीडी होती.
रविवारी रात्री जुन्या सर्व्हरवर चढवली,
खोट्या रुग्णांची नावं भरत ठेवली,
आणि वायर उपटली. हाताने.
इतकी वर्षं जे होऊ नये म्हणून जागलो
ते स्वतः करताना
पोटात खड्डा पडला, थोडी मजाही वाटली.

अडतीस सेकंदांत उभा राहिला.
पण तीन फाइली रिकाम्या.
नाव होतं, तारीख होती, आत काही नाही.
शालिग्रामला फोन केला. तो जरा थांबून म्हणाला,
"साहेब, हमी कपाटाची आहे.
कागदाची नाही."

गंगेला पूर आला तर बरं असतं,
पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं ते बघायचं,
गुडघा, कंबर, छाती,
आणि भांडीबाजारातला माणूस दुकान आवरायचं की नाही ते ठरवतो.
आमच्या डिस्कमध्ये असा मारुती कुठे उभा करू?
मॅडमना कुठवर पाणी दाखवू?

तीन दिवस कागद माझ्या टेबलावर.
मग खाली लिहिलं:
पगाराचा सर्व्हर पाच तास थांबू शकतो, लोक शिव्या देतील.
साठ्याचाही थांबेल.
नमुन्यांचा थांबू नये.
एकच घ्या. उरलेल्यातून आधी यूपीएसच्या बॅटऱ्या.

"आणि मला दिसेल काय?" मॅडमनी विचारलं.
"काही नाही."
"एक लाख चाळीस हजारांत?"
"हो. काहीच नाही."
त्या हसल्या नाहीत. सही केली.

ऑगस्टात, नव्या बॅटऱ्या यायच्या आधीच, परत वीज गेली.
आली, सर्व्हर उठला.
मी घड्याळ लावायलाही विसरलो.
नाझनीनने चहाचा कप खाली ठेवला नव्हता अजून.

तिची वही मात्र तिथेच आहे,
सुतळीने पेन बांधलेली.
मी एकदा म्हटलं, आता काढ की ती.
तिने पान उलटलं,
वर तारीख घातली.