वजनकाटा

आडगाव नाक्याच्या पुढे, वजनकाट्यावर
एकोणीस वर्षं बसतोय.
भरलेली गाडी, रिकामी गाडी, मधला फरक तो माल.
ट्रक चढला की आकडे धावतात,
ड्रायव्हर हॉर्न मारतो,
मी म्हणतो, थांब रे, काटा स्थिर होऊ दे.
माझ्या चिठ्ठीवर पिंपळगावचा व्यापारीसुद्धा
उलट बोलत नाही.

आणि मॅडम विचारतात,
रोज किती घेता?

सिव्हिलची ओपीडी. केसपेपरवर
कारभारी दशरथ लभडे, वय अठ्ठेचाळीस.
पंख्याखाली कागद उडू बघतोय,
त्याच्यावर स्टेपलर ठेवलाय.
दोन, मी म्हणतो.
दोन काय?
दोन क्वार्टर.
चंद्रकला शेजारी. बोलत नाही,
पदराला गाठ मारते, सोडते.
मॅडम पेन खाली ठेवतात आणि थांबतात,
मी ट्रकसाठी थांबतो तशा.

चार.
सुट्टीला पाच.
आणि सकाळी?
सकाळी सहाला एक चपटी. तिच्याशिवाय
चिठ्ठीवर सही उमटत नाही.
आज?
आज पण. इथे यायचं होतं ना.

मागच्या नवरात्रात सोडली होती, मॅडम.
वणीच्या गडावर नारळ फोडून, एका झटक्यात.
सगळे म्हणाले, वाघ आहेस.
पहिल्या दिवशी नुसता घाम.
दुसऱ्या दिवशी लाल आकड्यांतून
मुंग्या निघायला लागल्या,
मी त्या हातानं झाडत होतो,
ड्रायव्हर हसत होते.
मग हसायचे थांबले.
तिसऱ्या दिवशी केबिनमध्येच पडलो.
कुणी नाकाला चप्पल लावली,
कुणी गोणीतला कांदा काढून फोडला.
डोळे उघडले तर तोंडात रक्त,
दारात वीस-बावीस माणसं,
आणि काट्यावर टोमॅटोची गाडी
तशीच उभी, चालू इंजिनाची.
मावशी म्हणाली, देवीचं काहीतरी राहिलं.
मेहुण्यानं खिशातून बाटली काढली, घे म्हणाला,
आणि थोड्या वेळात हात थांबले.
ते बरं वाटणं
मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मॅडम लिहितात. फिट. मुंग्या. तिसरा दिवस.
मी त्यांच्या रागावण्याची तयारी करून बसलोय,
त्या रागावत नाहीत.
देवीला मध्ये आणू नका, म्हणतात,
अंगाला इतक्या वर्षांची सवय आहे,
एकदम काढून घेतलं तर ते उलटतं.
आपल्या मनानं पुन्हा असं बंद करू नका,
जीवावर बेतेल.
आजच दाखल व्हा. औषधावर उतरवू,
रात्री सिस्टर येऊन बघून जाईल.

बंद करू नका,
हे चंद्रकलानं बावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.
तिनं मान वर केली
आणि मॅडमकडे अशी बघितली
की भांडेल आता.
मग विचारलं, डबा आणलेला चालतो का?

मला कसारा घाट आठवत होता.
माल भरून गाडी उताराला लागली
की ब्रेकवर उभं राहायचं नसतं, लायनर जळतात.
आधी वास येतो.
गिअर पाडत, पाडत खाली आणायची.
किती नव्या पोरांना सांगितलंय हे मी,
चिठ्ठी फाडता फाडता,
माझ्याच तोंडाला वास असताना.

वॉर्डात सिस्टर म्हणाली, चप्पल काढा, वजन करू.
जुना काटा, काच तडकलेली.
मी चढण्याआधी खाली वाकलो.
सिस्टर, हा रिकामाच अर्धा किलो दाखवतोय.
दाखवू दे की, एवढ्यानं काय होतंय?
नाही, म्हणालो, शून्यावर आणा.
ती वैतागली, खाली बसली,
बाजूचं चाक फिरवलं, थोडं जास्तच,
मग थोडं मागे.
माझे हात थरथरत होते, म्हणून
मी ते पाठीमागे धरले
आणि वाट बघितली.