फक्त दोंदे वेगळं

बेड नंबर सहा. सेगुंदो किश्पे, देश इक्वादोर,
टँकरवरचा खानसामा. उकळतं तेल, दोन्ही हात कोपरापर्यंत.
जहाज त्याला सोहारला उतरवून पुढे निघून गेलं.
इंग्रजी त्याचं पाच शब्दांचं, त्यातले तीन भाज्यांचे.
दुभाषा सकाळी मिळतो, तोही मस्कतहून, तोही फोनवर.
दुखणं मात्र रात्री जागं असतं.

म्हणून मी ग्लोव्ह्जचा रिकामा खोका फाडला,
पाठकोऱ्या पुठ्ठ्यावर देवनागरीत लिहून घेतलं
तो सांगेल तसं:
के म्हणजे काय. किएन, कोण.
क्वांदो, केव्हा. कोमो, कसं. क्वांतो, किती.
मला हसूच आलं. अगं बाई, हे तर आपल्याच घरचे,
सगळे क-च्या दारातून आत येणारे!
फक्त कुठे तेवढं वेगळं निघालं.
कुठे म्हणजे दोंदे.
द देवाचा, नगरच्या मिशन शाळेत बाई म्हणायच्या,
आणि फळ्यावर द-चं पोट फार मोठं काढायच्या.

दोंदे दुएले?
तो नजरेने दाखवतो. बोट दाखवायलाही बोट लागतं.
क्वांतो? मी माझी दहा बोटं पुढे धरते,
एकेक उघडत जाते. सातव्याशी तो मान हलवतो.
मग तो बोलत सुटतो, भरभर, समुद्रासारखा,
आणि मी काठावर उभी.
प्रश्न सगळे पाठ. उत्तरं पोहायला येत नाहीत.

सिस्टर झुवैना फेरीला येते.
केव्हा बरा होईल, याला तिच्याकडे एकच औषध, इन्शाअल्लाह,
सहाला तेच, सातला तेच, लिफ्ट बंद पडली तरी तेच.
आता सेगुंदोही म्हणतो ते, ड्रेसिंग सुटायच्या आधी,
आणि हात बांधलेले म्हणून हनुवटीने क्रूस काढतो:
वर, खाली, डावीकडे, उजवीकडे.

साडेचारला खिशात फोन थरथरतो.
नगरला सहा वाजलेत. आईने चहा ठेवलाय, आधण ऐकू येतं.
"जय ख्रिस्त, बाळा. देव जागाय, तू जरा टेकून घे.
आजचा दिवस त्यानं आधीच बघून ठेवलाय.
काहीतरी खाऊन घे. आमेन."
अकरा वर्षं. एक दिवस चुकलेला नाही.
पण आई प्रश्न विचारत नाही.
शमुवेल गेला त्या उन्हाळ्यात तिने सगळे प्रश्न
ट्रंकेत टाकले, त्याच्या नववीच्या शर्टांखाली,
आणि वर डांबराच्या गोळ्या.

पुठ्ठ्यावर शेवटी एक शब्द राहिला होता.
पोर के, सेगुंदो म्हणाला. म्हणजे का.
यातलं पोर माझ्या कानाला आधी लागलं.
पोर.
तो समजावत राहिला, पट्टीचे दोन पांढरे गोळे
लांब धरून दाखवत, मग जवळ आणत:
तोडून म्हटलं तर का.
जोडून म्हटलं तर कारण.
मराठीतही तसंच की, मी मनात म्हटलं,
का-ला पुढे रण जोडलं की झालं कारण.
ते रण आईने एकटीने केलं असणार,
मी इथे व्हिसाच्या रांगेत असताना.

काल पहाटे त्यानेच विचारलं,
माझ्याकडे हनुवटी करून. लांबलचक वाक्य.
मला त्यातलं एवढंच सापडलं: किएन.
कोण?
कोण काय करतं, कुणाचं करतं, कोण जाणे.
मी आईचा आवाज लावला, त्याच्या उशीजवळ धरला.
आधण, चहा, जय ख्रिस्त, बाळा.
त्याला ओ की ठो कळलं नाही,
पण आमेन त्याने बरोबर तिच्याबरोबर म्हटलं.

मग मी कॉरिडॉरमध्ये गेले, पाण्याच्या कूलरपाशी,
आणि बटण दाबून धरलं.
कोमो, म्हटलं. मग म्हटलं, म्हणजे,
आई, तू कशी आहेस?

दोन निळ्या खुणा उमटल्या.
रेकॉर्ड करत आहे, असं नावाखाली दिसलं,
विझलं,
पुन्हा दिसलं.