परत करण्याची तारीख

ऑक्टोबरातला बुधवार. सलमानियातली आमची शाळा.
मागच्या भिंतीशी एसीचं पाणी ठिबकतं,
त्या ओल्या पट्टीवर शेपूट आपटत
उतरला होता यंदाचा पहिला परीट.
मी कुणाला सांगितलं नाही.
लेखिकाबाई यायच्या होत्या, गालिचा झटकायचा होता,
केजीची बत्तीस पोरं
आणि झाकणं हरवलेल्या पाण्याच्या बाटल्या.

खुलूदबाई मुहर्रकहून आल्या, उशिरा.
अबायाच्या काठावर तुबलीच्या खाडीचा चिखल वाळलेला.
"ओहोटीला शाळेची घंटा ऐकू येत नाही," म्हणाल्या,
आणि पिशवीतून आधी पुस्तक नाही, बूट काढले,
गुडघ्यापर्यंतचे, रबरी.
पोरांनी हात घालून पाहिले.
एकानं डोकंच घातलं, मग त्याला ओढून काढावं लागलं.

मग पुस्तक.
डाव्या पानावर खाडी, उजव्या पानावर खाडी,
मधे शिवणीच्या दोऱ्याला चिकटून
अंगठ्याएवढा एक पक्षी.
करडा. अगदीच करडा.
त्यांनी अरबीत नाव सांगितलं,
मी माझ्यापुरतं पुटपुटले : टिलवा.
"रोहित दाखवा ना," रेवती कुरकुरली, "गुलाबीवाला."
"गुलाबी तर गाडीतूनही दिसतो," बाई म्हणाल्या,
"याच्यासाठी पोटावर झोपावं लागतं."
झालं. बत्तीस पोरं पोटावर.

"हा सैबेरियातून येतो. वजन?
तुमच्या कंपासातल्या खोडरबराएवढं."
तन्वेशनं खोडरबर तळहातावर ठेवला,
डोळे मिटले,
आणि बराच वेळ मूठ काही मिटली नाही.

पान उलटलं. मे महिना.
तीच खाडी, तोच चिखल, पक्षी नाही.
मला वाटलं, छापायचा राहिला.
पोरांनी पान मागे घेतलं : आहे.
पुढे : नाही.
आहे. नाही. आहे. नाही.
हसून हसून लोळत होती,
तेवढ्यात हिबा म्हणाली,
"एबिनसारखं."

खिडकीजवळची खुर्ची अजून कुणी हलवलेली नाही.
जूनमध्ये त्याच्या बाबांची नोकरी गेली,
सात खोकी, आणि एका खोक्यावर बसलेला तो :
हा फोटो त्याच्या आईनं मला पाठवला होता.

खुलूदबाईंनी माझ्याकडे पाहिलं.
मी बाटल्या सारख्या करू लागले.
"मला टिलव्याचं थोडंफार कळतं," त्या पोरांना म्हणाल्या,
"एबिनचं तुम्ही सांगा. कुठे असायचा?"
खिडकीपाशी!
"कधी?"
मधल्या सुटीत!
"काय खायचा?"
इडली! साखर लावून! माझी पण!
त्यांनी खिशातली ओलसर वही काढली
आणि उतरवून घेतलं सगळं,
जागा, वेळ, खाद्य,
जसं खाडीवर उभ्या राहून लिहीत असतील.
येईल की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही.
कुणी विचारलंही नाही.

दुपारी पोरं गेल्यावर कार्डांचा ट्रे उघडला.
एबिनच्या कार्डावर एकच नोंद :
याच बाईंचं जुनं पुस्तक, हुदहुदचं.
नेल्याची तारीख आठ जून.
परत केल्याची, कोरी.
म्हणजे ते आता कोट्टयमला कुठेतरी,
पावसानं पानं फुगलेलं.
कडेला माझ्याच अक्षरात दंड मांडलेला,
रोजचे पन्नास फिल्स, आठवड्याआठवड्याला बेरीज.
पेन्सिलीनंच होता, बरं झालं.

खोडरबर घेतला
आणि नुसताच तळहातावर तोलत राहिले.
भिंतीमागे ठिबक चालू होती.