खिशातला कांदा

मीठ कमी करा, डॉक्टर मुंगी म्हणाले,
आणि कागदावरून मान न उचलता पुढे:
कांदा खा हो. कांद्याला माझी हरकत नाही.

एकोणचाळीस वर्षं मी वीजमंडळात बिलं तपासली.
विळीवर कधी बसलो नव्हतो.
आता कुमुद साडेसहालाच शाळेत जाते,
तिची अजून दोन वर्षं आहेत,
आणि नारायणबागेतल्या दुसऱ्या मजल्यावर
मी, ओटा आणि शाजापूरचा गुलाबी कांदा
असे तिघंच उरतो.

पहिला आठवडाभर रडलो.
बरं वाटलं, खरं सांगतो.
थोरला भाऊ गेला तेव्हा डोळे कोरडे होते,
निरोपाच्या हारातही कोरडेच.
ती सगळी जुनी थकबाकी
एका मध्यम कांद्याने
व्याजासकट वसूल केली.

मग शिकलो.
मुळाकडची चकती शेवटी कापायची.
तेल तापू द्यायचं, मोहरीला घाई करायची नाही.
कांदा पडतो तेव्हा आधी चर्र,
मग कुजबुज,
मग बराच वेळ काहीच बोलत नाही.
तिथेच माणसं गॅस मोठा करतात.
मीही करायचो.
त्या गप्प बसण्यातच तो गोड होत असतो:
काचेसारखा, मग मधासारखा,
मग दाराच्या जुन्या पितळी कडीसारखा.
मीठ विसरलं तरी निभेल
अशी एक जागा येते भाजीत.
ती जिभेला सापडावी लागते, घड्याळाला नाही.

पोह्यांवरून मात्र घरात अजून दोन पक्ष.
कुमुद साताऱ्याची. तिचा कांदा फोडणीत.
माझा वरून, कच्चा,
शेव, जीरावन, लिंबू, आणि दाताखाली कुर्रकन.
तेहतीस वर्षं झाली,
मी वर टाकतो, ती आत शोधते.

एप्रिलातच पारा बेचाळीसवर गेला.
समोरच्या कासलीवालांकडे कांदा-लसूण वर्ज्य.
फोडणीआधी मी जिन्याकडची खिडकी लावतो,
हे शकुनबाईंना माहीत आहे,
आणि त्यांना माहीत आहे हे मला.
त्या सकाळी त्याच दारात उभ्या,
उंबऱ्याच्या अलीकडे नाही, पलीकडेच:
"भाईसाब, एक छोटा कांदा मिलेगा?
नमन का पेपर है, सेंटर विजयनगर में,
भरी दुपहरी, लू चल रही है।
खाना थोड़े ही है,
जेब में रखना है।"

मी टोपली ओट्यावर उपडी केली.
मोड आलेला नको, डाग पडलेला नको,
उपवर मुलगा पाहावा तसा एकेक फिरवून पाहिला.
घट्ट, छोटा, सालीला चमक असलेला निघाला एक.
रुमालात गुंडाळून दिला.
त्यांनी पदर पुढे केला, हात नाही.

संध्याकाळी नमन स्वतःच आला परत द्यायला.
लाल तोंड, चिकटलेला सदरा,
"अंकल, फिजिक्स थोड़ा लंबा था।"
कांदा हातात घेतला तर
कोमट होता,
बारा वाजल्यापासून एका मुलाच्या मांडीला लागून बसलेला.

खिशातल्या कांद्याने लू लागत नाही का हो?
मी फोनवर विचारलं.
मुंगी हसले.
पोराने पाणी भरपूर प्यायलं असेल, म्हणाले.
असेल.
पाण्याची बाटली कोणी दिली होती,
तेही असेल.

टोपलीत तो पुन्हा इतरांत टाकवेना.
ठेवून तरी काय करणार, देव्हाऱ्यात?
रात्री झुणक्याला तोच कापला.
या वेळी डोळ्यांना पाणी आलं नाही,
नुसतं नाक चुरचुरलं.

कुमुदने पहिला घास घेतला, थांबली.
मीठ आज बरोबर पडलंय, म्हणाली.
घातलंच नाहीये.
ती माझ्याकडे बघत राहिली,
मग माझ्यामागे, जिन्याकडे.

खिडकी लावायची राहिली होती.
समोरच्या दारातून
ताटं वाढल्याचा आवाज येत होता,
आणि दार त्यांचंही उघडंच होतं.