जे नसलेली एबीसी

रेसिडेन्सीच्या क्लबची पुस्तकं
शनिवारी दिवेलागणीला यायची, पोत्यातून,
किफायत चपराशाच्या सायकलवर,
वाळवी लागलेली, कणा मोडलेली.
बुधवारी परत जायची.
मधल्या चार रात्री माझ्या.

जिन्सीतल्या आमच्या खोलीत खळ शिजायची,
मोरचूद घातलेली.
(बोट चाटलंस तर मरशील, आई म्हणायची.)
सरसाचा वास भाकरीलासुद्धा.
आजा होळकरांच्या पागेत खोगिरं शिवायचा.
घोडी कमी झाली, दाभण तेच राहिलं,
वडील पुस्तकं शिवू लागले.

वडिलांना इंग्रजी येत नव्हतं.
पण दर सोळा पानांनी तळाशी
एक बारीक अक्षर असतं, फर्म्याची खूण.
त्या खुणांवर ते साहेबाचं कुठलंही पुस्तक
उसवून पुन्हा नीट लावत.
तीच एबीसी मला शिकवली, बोट ठेवून:
एच, आय, के.
छापखानेवाले जे गाळतात,
आयसारखा दिसतो म्हणून.
हे मला पुष्कळ उशिरा कळलं.
आधी छडी कळली.
"जगदेव जिनगर, स्वतःच्या नावाचं
पहिलंच अक्षर येत नाही तुला?"
वर्ग हसला. पुढचे बाक जरा जास्त.

मी पुस्तकं वाचली ती उसवलेली.
खून झालेला माणूस
पुढच्या फर्म्यात चहा पीत बसलेला.
अर्धं कळायचं, अर्धं मी लावायचो.
त्यांचा बर्फ आभाळातून पडायचा,
आमचा सियागंजातून यायचा, भुशात गुंडाळून.

एकदा किफायत मंगळवारीच आला.
आयचा फर्मा संपला होता,
जहाज फुटलं होतं,
एक पोरगा फळीला धरून तरंगत होता,
आणि पुस्तक पोत्यात गेलं, गोंद ओलाच.
मी म्हटलं, मीपण येतो पोचवायला.

मागचं फाटक. स्वैपाकघराचं दार.
तिथून व्हरांडा दिसायचा थोडा.
वेताच्या खुर्चीत माझ्याएवढा गोरा पोरगा,
गुडघ्याला पट्टी.
त्याला कुणीतरी नेमकं तेच पुस्तक दिलं.
त्यानं नाकाशी धरलं, तोंड वाकडं केलं,
मग वाचत राहिला, नखं कुरतडत.
पान उलटताना टाका करकरायचा. माझा टाका.
किती जाड उरलंय ते मी लांबून मोजत होतो.
इंग्रजीतले तीनच शब्द लागले असते:
जगला का तो?
जुळवलेही होते मी, तोंडातल्या तोंडात.
किफायतनं दंड धरला.
"नजर नीची, बेटा."

इथवर सांगितलं की ऐकणारे हळहळतात.
म्हणून पुढचंही सांगतो.

कातडं घेऊन गेंदालाल यायचा,
बरोबर त्याचा हरिया.
पायरीखाली थांबायचे दोघं.
पैसे वरून पडायचे त्यांच्या ओंजळीत,
ते गेले की आई पायरीवर पाणी ओतायची.
मी उंबऱ्यात बसून हरियाला गोष्टी सांगायचो,
पदरचं घालून, पाय आत घेऊन.
तो हात पुढे करायचा: बघू दे ना.
पुस्तकावरचं कातडं त्याच्याच बापानं कमावलेलं.
मी म्हणायचो, साहेबाचं आहे, मळेल.
कुणी शिकवलं नव्हतं हे वाक्य.
आपसूक आलं, फर्म्यामागून फर्मा यावा तसं.

जहाजाची गोष्टही सांगितली त्याला.
पोरगा फळीला धरून पाण्यात होता,
तेवढ्यात गेंदालाल उठला, पोतं झटकत.
हरिया वळून वळून विचारत राहिला,
गल्लीच्या तोंडापर्यंत:
"फेर कंई हुयो, जगू? फेर कंई हुयो?"

मला कुठं ठाऊक होतं.
तरी मी मान हलवली, सावकाश,
शेवट माहीत असलेल्या माणसासारखी.