एकापासून

प्रभात रोडच्या गल्लीत, झेरॉक्सवाल्याच्या वर, दुसरा मजला.
‘चपला बाहेर काढाव्यात’ अशी पाटी.
बाकीचं आत नेलं तरी चालतं.

थोरलीने नाव नोंदवलं माझं.
मला काय धाड भरलीय, म्हटलं.
ती म्हणाली, बाबा, आई कणीक मळायला बसली
की तुम्ही उठून जाता.

पहिल्या मंगळवारी ओगले मॅडमनी कागद दिला.
तीन रकाने: काय घडलं, मनात काय आलं, पुरावा काय.
अठ्ठावीस वर्षं भोसरीत, प्रेस शॉपला;
रकाने भरायची सवय आहे.
लिहिलं, पेडल माझ्या पायाखाली होतं.
पुरावा: पाय.
त्यांनी विचारलं, गार्ड कुणी काढायला लावला होता?
लिहिलं, माल संध्याकाळी जायचा होता, घाई होती.
‘घाई’खाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली.
ती रेघ मी भोसरीपर्यंत
मांडीवर घेऊन आलो.

मग श्वास. चार मोजून आत, सहा मोजून बाहेर.
श्वासाचं ठीक आहे,
तो त्या दिवशीही चालूच होता, कुणी न सांगता.

एकदा समोर रिकामी खुर्ची मांडली.
इथे गहिनीनाथ बसलाय समजा. बोला त्याच्याशी.
मी खुर्चीला विचारलं, जेवलास का?
पुढे काही सुचेना.
तास संपला तरी खुर्ची तशीच, मी तसाच,
खाली झेरॉक्सचं मशीन
तेच पान परत परत काढत होतं.

नंतर ती डोळ्यांची पद्धत.
त्यांनी दोन बोटं उभी धरली,
डावीकडून उजवीकडे नेली.
नजर बोटांवर, मनात तो दिवस.
मॅडम, म्हटलं, दुसरं काहीही हलवा,
बोटं नकोत.
त्या थबकल्या. हात मांडीखाली घेतला,
वर्गातल्या पोरीसारखा.
पेन उचललं, तेही ठेवलं;
पेन धरायलाही तीच लागतात.
शेवटी म्हणाल्या, तळवे गुडघ्यांवर ठेवा,
आपलं आपणच थोपटा, डावा, उजवा, डावा.
मी थोपटत राहिलो,
पोर कुणाचं ते न विचारता.

घरचा अभ्यास दिला. जीव घाबरला की मोजायचं:
पाच गोष्टी दिसणाऱ्या, चार हाताला लागणाऱ्या,
तीन आवाज, दोन वास, एक चव.
नाशिक फाट्याला बस अडकली होती.
बाजूला कुणीतरी ट्रकमधून पत्रे टाकले.
धाड.
मी मोजायला लागलो. बोटांवरच, दुसरं काय आहे माणसाकडे.
पाच झाल्या, करंगळी मिटली.
चार झाल्या, तिच्या शेजारचं.
खाली खाली येत
एकाला पोचलो तेव्हा उरला होता अंगठा.
गहिनीनाथला प्रेसने तेवढाच ठेवलाय.

हे सांगितलं तेव्हा मॅडम
बराच वेळ काही लिहीत नव्हत्या.
मग म्हणाल्या, पुस्तकात पाचापासून आहे.
तुम्ही एकापासून करा.

एक: जिभेवर सकाळची बडीशेप.
दोन: डिझेल, आणि शेजारणीच्या पिशवीतली मेथी.
तीन: बेल, कुणाचा तरी खोकला, ब्रेक.
चार: दांडा, तिकीट, बटण, माझाच गुडघा.
पाच: …
पाचवर अजून अडकतो. पण मूठ
उघडत जाते, एवढं खरं.

परवा गहिनीनाथचा फोन आला.
पीएफच्या फॉर्मवरची सही जुळत नाही म्हणतात,
डाव्या हाताची कशी जुळेल?
साक्षीदार लागतो. येशील का?
त्याच्या मागे कुकर शिट्टी देत होता.
मी विचारलं, जेवलास का?
भात, म्हणाला. चमच्याने. सांडतो थोडा.

मंगळवारीच बोलावलंय त्याला.
मॅडमना कळवायला हवं.