येणे बाकी

छत्तीसच्या वसंतात बुर्रियाना बंदरातून
सातशे चाळीस पेट्या संत्री लंडनला गेली.
एकेक फळ पातळ कागदात गुंडाळलेलं,
कागदावर निळा मोर, आमच्या पेढीची खूण.
मी कारकून. पेट्या मीच मोजल्या,
आणि वहीत लिहिलं: येणे.

जुलैत युद्ध पेटलं.
पैसे लंडनच्या बँकेपर्यंत पोचले होते,
तिथंच बसून राहिले.

तीन वर्षांनी वही उघडली.
जमेची पानं उंदरांनी खाल्लेली,
येणं शाबूत.

दोन्या एल्विरा सांगायच्या, मी लिहायचो.
कोरा कागद मिळेना,
म्हणून मोराच्या पाठीवर कच्चा मसुदा:
पत्रास कारण की, रक्कम आमची आहे.
बँकेचं उत्तर आठ महिन्यांनी, फार सभ्य.
रक्कम सुरक्षित आहे. गोठवलेली आहे.
सोडवायला श्री. ब्लास मोन्सोनीस यांची सही हवी,
नाहीतर ते वारल्याचा दाखला.

मालकांना एका रात्री ट्रकमध्ये बसवून नेलं.
कुठल्या बाजूच्या माणसांनी,
ते आता गावात कुणी विचारत नाही.
नगरपालिकेच्या खिडकीतला म्हणाला,
मेलेल्यांच्या यादीत हे नाव नाही.
जिवंतांच्याही नाही, मी म्हणालो.
त्यानं खिडकी लावून घेतली.

सातव्या खेपेला दाखला निघाला.
मृत्यूचं कारण: हृदय बंद पडल्याने.
बाईंनी दोनदा वाचला.
"खोटं नाही," म्हणाल्या. "अर्धं आहे."

सत्तेचाळीसला पैसे आले.
सरकारी दरानं, पेसेतांत, कर कापून,
कशाकशाचं कापून, ते मलाही कळलं नाही.
एक खेचर आलं असतं त्यात, तेही म्हातारं.

त्याच आठवड्यात बागेवर हिमकडा पडला होता.
गारठलेलं संत्रं बाहेरून ओळखू येत नाही,
तसंच चकाकतं.
कापलं की आत भुसा.
बाईंनी नोटांचं पाकीट तळहातावर घेतलं,
जराशी उचकी देऊन तोललं,
फळ तोलायच्या तसं.

मग म्हणाल्या, वही आण.
मी रक्कम जमा केली,
खाली रेघ मारायला पट्टी ठेवली.
"थांब. त्यांचं नाव लिही."
लिहिलं. ब्लास मोन्सोनीस.
पुढे काय लिहू?

त्यांनी अकरा वर्षं मागची पानं उलटली
आणि माझ्याच अक्षरातल्या
एका शब्दावर बोट ठेवलं.